पट्टीवरचं पुसट पाऊल

मावशी गॅलरी झाडायला लागल्या की समोरच्या इमारतीतली माणसं खिडकीत येऊन बघायची. झाडण्यात बघण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. तर मावशी उलट्या झाडायच्या. तोंड कठड्याकडे, पाठ दाराकडे, एकेक पाऊल मागं टाकत, झाडत झाडत घरात. उंबऱ्यावर शेवटचा हात मारला की त्यांच्या पायाचा म्हणून एक ठसा मागं राहायचा नाही. आता तिसऱ्या मजल्यावरच्या फरशीवर ठसा उमटतो कुठं? पण एकतीस वर्षांची सवय. ती काय फरशी बघून सुटते!

"आई, अगं पडशील एखाद दिवशी," लेक आतून ओरडायची.

"एकतीस वर्षांत पडले नाही ती आता पडते होय!"

लेक शाळेत विज्ञान शिकवायची, त्यामुळे प्रत्येक गोष्टीचं कारण विचारायची तिला खोड. या उलट्या झाडण्याचं कारण मात्र तिला विचारावं लागत नव्हतं. ती त्यातच लहानाची मोठी झाली होती.

वाळवंटाच्या कडेला एक विश्रामगृह होतं. सहा खोल्या, एक पाण्याची टाकी, एक खटारा जीप आणि मागं जिथवर नजर जाईल तिथवर वाळू. लांबलांबची माणसं तिथं जनावरं बघायला यायची. पण वाळवंटातली जनावरं काय बाजारात मांडून ठेवलेली असतात? दिवसभर सगळी बिळात. उन्हं कलली की बाहेर निघणार, आणि रंग असा की पायाखाली येईपर्यंत कळायचं नाही. मग पाहुण्यांना दाखवायचं काय, कपाळ? म्हणून तिथल्या जुन्या साहेबांनी पट्टी आखली होती. पाणवठ्यापासून काटेरी झुडपांच्या जाळीपर्यंत दीडशे पावलं लांब, आठ पावलं रुंद, दोन्ही कडांना दगड आणि मधे नुसती वाळू. रोज संध्याकाळी ती खराट्यानं झाडून सपाट करायची. रात्री पाण्याकडे येणारं जनावर ती ओलांडणार, आणि सकाळी पट्टीवर सगळं लिहिलेलं असणार: कोण आलं, किती आले, कुठल्या अंगाला गेले. मग जीप त्या अंगाला. झाडणाऱ्यानं उलटं चालायचं, पाणवठ्याकडून जाळीकडे, नाहीतर सकाळी सगळ्यांत ठळक पाऊल त्याचंच.

मावशी तिथं आल्या तेव्हा कुणाच्या मावशी नव्हत्या. सव्वीस वर्षांची बाई, कडेवर चार वर्षांची पोर. नवरा तिथल्या पाण्याच्या पंपावर होता, तो तापाच्या आजारात आठ दिवसांत गेला. साहेब म्हणाले, "पंप तुम्हाला जमायचा नाही. पट्टी झाडाल का?" त्या हो म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? पहिल्या महिन्यात उलटं चालताना तीनदा आपटता आपटता वाचल्या. चौथ्या महिन्यात असं चालायला लागल्या की पोर दोरीवरच्या उड्या मारता मारता थांबून आईकडे बघत बसायची.

झाडायचं काम दिलं होतं, वाचायचं नाही. ते त्यांनी स्वतःच शिकून घेतलं. उजाडता उजाडता चहाचा पेला घेऊन पट्टीच्या कडेनं चालायच्या. ऊन तिरपं असतं तेव्हाच ठसे नीट दिसतात, एकदा सूर्य वर आला की सगळं गुळगुळीत. वर्षभरात कोल्ह्याचं पाऊल आणि कुत्र्याचं पाऊल झोपेतही ओळखतील अशा झाल्या. सशाचं तर आंधळ्यालाही कळतं, मागचे पाय पुढं. भुंगेऱ्याची बारीक शिवण, सापाची वळणं, घोरपडीचं शेपूट फरफटत गेलेलं. पाहुणे डोळे चोळत बाहेर यायचे आणि मावशी त्यांना ताजी खबर द्यायच्या. "कोल्हीण येऊन गेली. दोन पिल्लं बरोबर होती, त्यातलं एक मागच्या डाव्या पायानं लंगडतंय. टेकडीच्या अंगाला गेलीत, फार वेळ झाला नाही." जीप जायची आणि तासाभरानं पाहुणे ओरडत परत यायचे, "मावशी, दोन पिल्लं! एक खरंच लंगडत होतं!" मावशी तोवर खोल्या झाडत असायच्या. "मग काय खोटं सांगते का मी?" असं म्हणायच्या आणि उशांचे अभ्रे बदलायच्या.

जीपमध्ये सहा जागा. पाच पाहुण्यांच्या, एक ड्रायव्हरची. हा ड्रायव्हर मावशींच्या मागनं पाच-सहा महिन्यांनी आला होता. दिवसाकाठी दहा शब्द बोलला तर खूप, म्हणून सगळे त्याला मौनीबाबा म्हणायचे. मावशींपेक्षा जेमतेम पाच वर्षांनी लहान, पण तोही मावशीच म्हणायचा. अधूनमधून एखादा पाहुणा म्हणायचा, "मावशी, तुम्ही का येत नाही?" मौनीबाबा जागा मोजायचा आणि म्हणायचा, "पुढच्या खेपेला." त्या पुढच्या खेपेची वाट बघण्यात एकतीस वर्षं कशी गेली ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

त्याचंही फारसं दुःख नव्हतं. हरणं काय, गिधाडं काय, खिडकीतूनही दिसायची. कोल्हे तर उकिरड्यावर येऊन बसायचे. एक मात्र त्यांना कधी म्हणजे कधी दिसली नाही. वाळवंटातली रानमांजर.

आपल्या घरातल्या मांजरीपेक्षाही लहान, अंग वाळूच्याच रंगाचं, डोकं पसरट आणि कान हे एवढे. ती दिसायला अवघड आणि तिचं पाऊल तर त्याहून अवघड. तापलेल्या वाळूवर चालायचं म्हणून तिच्या तळव्यांवर दाट केस असतात, त्यामुळे ठसा कसा उमटतो, तर उमटल्यासारखा आणि न उमटल्यासारखा. बोटं नाहीत, नखं नाहीत. नुसता पुसट खळगा. पाहुणे तर सोडाच, साहेबांनाही तो वाऱ्यानं केला असं वाटायचं. तो मांजरीचा हे पहिल्यांदा मावशींनी ओळखलं, नऊ वेगवेगळ्या सकाळी उकिडवं बसून. तेव्हापासून त्यांचा त्या मांजरीवर जीव जडला. महिन्यातून एखाद-दुसऱ्या सकाळी तो खळगा दिसायचा आणि मावशींच्या चेहऱ्यावर हसू फुटायचं. "आली होती हं सटवी. रात्रभर माझ्या अंगणात हिंडते आणि मला तोंड दाखवत नाही." लेक वसतिगृहात शिकायला गेली तेव्हा तिला पाठवलेल्या पत्रांतसुद्धा निम्मी खबर सटवीची असायची. लेकीनं ती पत्रं अजून जपून ठेवली आहेत.

सत्तावन्नाव्या वर्षी मावशी निवृत्त झाल्या. खराटा मौनीबाबाच्या हातात दिला, पट्टीवर शेवटची नजर टाकली आणि ढसाढसा रडल्या. मौनीबाबा काहीतरी बोलायला म्हणून पुढं आला, त्याचं तोंड उघडलं, मिटलं आणि तो जीपचं बॉनेट उघडून उगाच आत डोकं घालून उभा राहिला. मावशी लेकीकडे शहरात आल्या. पुढची सहा वर्षं गॅलरी, भाजीबाजार आणि संध्याकाळी बागेतलं बाकडं. बागेतल्या ओल्या मातीत कुत्र्यांची पावलं बघायच्या आणि शेजारच्या बाईला सांगायच्या, "हा पांढरा कुत्रा आहे ना, त्याचा पुढचा पाय दुखतोय." ती बाई हळूच बाकड्याच्या टोकाला सरकायची.

मग डोळ्यांचं सुरू झालं. चहाचा कप टेबलाच्या कडेला ठेवला की हमखास खाली. दाराच्या चौकटीला खांदा घासायचा. डॉक्टरांनी यंत्रापुढे बसवलं, ठिपके दाखवले आणि लेकीला म्हणाले, "काचबिंदू आहे. कडेचं गेलंय, ते काही परत येणार नाही. मधलं आहे, ते थेंब घालून टिकवू जमेल तेवढं." बोगद्यातून बघावं तसं मावशींना फक्त समोरचं गोल दिसत होतं. ते गोल किती दिवस टिकेल हे डॉक्टरांनाही सांगता येईना.

मावशींनी घरात पाऊल ठेवलं आणि म्हणाल्या, "मला सटवीला बघायचंय."

"कुणाला?"

"कुणाला काय विचारतेस? डोळे आहेत तोवर एकदा तिला बघायचंय. बाकी मला काही नको. नंतर अंधार तर अंधार."

लेकीनं कारण विचारलं नाही. दुसऱ्याच दिवशी तिनं विश्रामगृहाला फोन लावला आणि दोन रात्रींसाठी खोली ठरवली. दोन माणसं, जीपमध्ये दोन जागा.

"पाहुणी म्हणून जायचं? मी?" मावशींना हसावं की चिडावं कळेना. "माझीच चादर दुसरी कुणीतरी झटकणार?"

"झटकू दे की गं."

कापडी बूट आणले. आयुष्यभर चपलांवर वावरलेल्या मावशी आदल्या रात्री बूट घालून खोलीभर चालून बघत होत्या. प्रवास सहा तासांचा. बस सुटली तशा त्या खिडकीला नाक लावून बसल्या. शेतं संपली, झाडं विरळ झाली, झुडपं आली आणि मग रस्त्यावरच वाळू वाहायला लागली, तसा त्यांनी लेकीचा हात घट्ट धरला. फाट्यावर जीप उभी होती. नवी होती, पण तिला टेकून उभा असलेला माणूस जुनाच. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, एवढाच काय तो फरक.

"आलात," मौनीबाबा म्हणाला.

"आले. तुझे आजचे नऊ शब्द उरले."

विश्रामगृह ओळखू येईना. सहाच्या सोळा खोल्या झाल्या होत्या. मोठ्या काचांचं नवं जेवणघर, आणि व्यवस्थापक म्हणून एक चुणचुणीत बाई. तिनं दोघींना सरबत दिलं आणि पाठ केल्यासारख्या सूचना सांगितल्या. जनावरांपासून अंतर ठेवा, भडक कपडे नकोत, बिळात हात घालू नका. मावशींनी सगळं मुकाट ऐकून घेतलं. लेकीला मात्र हसू आवरेना. शेवटी मावशींनी विचारलं, "पट्टी कोण झाडतं आता?" त्या बाईला पट्टी म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. आता पाणवठ्याच्या चारी बाजूंना खांबांवर कॅमेरे होते. जनावर आलं की आपोआप फोटो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मावशी जीपमध्ये बसल्या. एकतीस वर्षांची पुढची खेप एकदाची आली! पुढची जागा, मौनीबाबाच्या शेजारी, मांडीवर घडी घातलेली शाल. आणि छान दिसलं सगळं, नाही कशाला म्हणा. हरणांचा कळप अगदी जवळून गेला. बिळाच्या तोंडाशी सरडा ऊन खात पडला होता. पाण्यावर पखुर्डी पाखरांचे थवे उतरले. पखुर्डीचा नर पाण्यात पोट बुडवून बसतो, पिसं भिजवतो आणि तसाच कोसभर उडत जाऊन पिल्लांना पाणी पाजतो, हे मावशींनी मागच्या पाहुण्यांना सांगितलं. पाहुणे आ वासून ऐकत होते. पण मावशींचा जीव कशात रमत नव्हता. नजरेचं ते लहानसं गोल घेऊन त्या खाली वाळूकडे बघत होत्या, आणि जीप अशी धावत होती की वाळूवर काय लिहिलंय ते एक अक्षर वाचता येईना.

"यातून जमीन दिसतच नाही रे," त्या म्हणाल्या. "तुम्ही लोक एवढी वर्षं बघत काय होता?"

मौनीबाबानं त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर चोरली. मावशींना ते दिसलं नाही, कारण तो त्यांच्या कडेला होता. मागं बसलेल्या लेकीला दिसलं.

मांजर काही दिसली नाही. दुपारी जेवायला गेल्या तेव्हा मावशींचा चेहरा पार उतरला होता. हातात एक संध्याकाळ उरली होती, उद्या सकाळी परतीची गाडी. लेक ताटं आणायला गेली आणि मावशी उगाच भिंतीवरचे फोटो बघत फिरू लागल्या. जुन्या पाहुण्यांनी पाठवलेले फोटो चौकटीत घालून लावले होते. नजरेचं गोल एकेका फोटोवर ठेवत त्या सरकत होत्या. कोल्हा. गिधाड. सूर्यास्त, नंतर पुन्हा सूर्यास्त. आणि मग ती.

हे एवढे कान. वाळूवर पोट टेकून बसलेली, मिशासुद्धा मोजता येतील अशी. "सटवे," त्या पुटपुटल्या. फोटोला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या. मांजरीच्या मागं दहाबारा हातांवर काहीतरी धूसर पिवळं होतं. डोक्याला बांधलेला रुमाल. पाठमोरी, कमरेत वाकलेली एक बाई, हातात खराटा.

शेजारी दुसरा फोटो. तीच मांजर, तोच रुमाल. तिसऱ्यात रुमाल लाल काठाचा, लेकीनं नोकरी लागल्यावर आणलेला. चौथ्यात त्याच रुमालाचा कोपरा दिसत होता, निळ्या दोऱ्यानं शिवलेला, कारण त्या दिवशी पिवळा दोरा संपला होता. खाली छापलं होतं: वाळवंटातली रानमांजर, पाणवठ्याजवळ. बाईबद्दल एक अक्षर नव्हतं.

लेक ताटं घेऊन आली तर आई जागेवर नाही. मावशी तरातरा गॅरेजकडे निघाल्या होत्या, वाटेत दोन खुर्च्यांना धडकून. मौनीबाबा जीपचं चाक बघत होता.

"उभा राहा," मावशी म्हणाल्या. "किती वर्षं?"

काय ते विचारायची त्याला गरज पडली नाही. तो उभा राहिला आणि कपड्याला हात पुसत राहिला. "सात. तुमची शेवटची सात."

मग तो बोलला. जन्मात बोलला नसेल इतकं बोलला. संध्याकाळी पट्टी झाडताना खराट्यापुढून सरडे, उंदीर, भुंगेरे पळायचे. झाडलेल्या उघड्या वाळूवर कोण थांबणार? सगळे मावशींच्या पायांमधून मागं, न झाडलेल्या भागात पळायचे. आणि तिथं मांजर आयतं ताट मांडल्यासारखी बसलेली असायची. मावशी एक पाऊल मागं यायच्या, ती एक पाऊल मागं सरकायची. जाळीजवळ, मावशींच्या पाठीमागच्या उंचवट्यावर तो जीप बंद करून पाहुण्यांना घेऊन उभा असायचा.

"म्हणजे मी..." मावशींना सगळं एकदम कळलं. "अरे देवा! म्हणजे ती जिथं बसायची, तिथंच मी नंतर येऊन झाडायची. तिची ताजी पावलं रोज माझ्याच हातानं पुसली मी! आणि सकाळी बसायची खळगे शोधत!"

"हो," मौनीबाबा म्हणाला.

"आणि तू बघत होतास. सगळी दुनिया बघून गेली. मी काय तिथला दगड होते? एका शब्दानं सांगता येत नव्हतं?"

"कळलं असतं तर तुम्ही वळून बघितलं असतं. एकदा वळला असता तर ती परत आली नसती. साहेबांची ताकीद होती, पाहुण्यांनाही सांगायचो, बाईला बोलू नका." तो पुन्हा हात पुसायला लागला. "शेवटच्या दिवशी सांगणार होतो. तुम्ही रडत होता. धीर झाला नाही."

"मेल्या, त्यासाठी का रडत होते मी!" मावशींचा आवाज चिरकला आणि मग त्या खरंच रडल्या. लेक मागं येऊन उभी होती. तिला वाटलं आपण आईला जवळ घ्यावं, पण आईचा एकूण अवतार बघून ती जागची हलली नाही. पाच मिनिटांनी मावशींनी शालीनं नाक पुसलं. "आता आहे का ती?"

"ती नसेल. तिची पोर आहे. जाळीतच असते."

"खराटा कुठाय?"

"आहे." मौनीबाबा गॅरेजच्या मागच्या भिंतीकडे गेला आणि खुंटीवरचा खराटा घेऊन आला. सहा वर्षं तो खुंटीवरच होता. काड्या नव्या बांधलेल्या होत्या.

उन्हं कलली तशी मावशींनी सगळी सूत्रं हातात घेतली. "जीप पाणवठ्याच्या पलीकडे लाव. तोंड रस्त्याकडे. तू आणि ही, दोघांनी आत बसायचं, आणि कुणीही मागं वळून बघायचं नाही. कळलं का? माझी सात वर्षं बघून झालीत तुमची."

"आई, मी काय केलंय?" लेक म्हणाली.

"तू पण नाही. आज एकटी मी."

पट्टीच्या कडेचे दगड अजून होते. मधे वाळूवर काटक्या, लेंड्या, वाऱ्यानं आणलेला कचरा. मावशींनी रुमाल बांधला, पाणवठ्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि सवयीनं जाळीकडे पाठ केली. खराटा टेकवला. आणि तशाच थांबल्या.

मग वळल्या. जाळीकडे तोंड केलं आणि सरळ झाडायला लागल्या.

सुरुवातीला जमेना हो. हात एकीकडे, पाय एकीकडे. झाडलेल्या वाळूवर लगेच बुटाचा ठसा उमटायचा आणि तो बघून त्यांना काहीतरी सांडल्यासारखं वाटायचं. दहा पावलं गेल्यावर एकदा मागं वळून पुसायलाही निघाल्या होत्या. पण नाही पुसले. पुन्हा समोर नजर लावली. एक सरडा खराट्यापुढून सुळकन जाळीकडे पळाला, मागोमाग दुसरा. वाळूचा रंग पिवळ्याचा तांबूस झाला. पन्नास पावलं. सत्तर. समोर काही नाही. नजरेचं गोल त्या हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवत होत्या, अंधारात दिवा फिरवावा तसं. ऐंशी. नव्वद. कंबर भरून आली. आता दिसली नाही तर नाहीच, असं मनाशी म्हणाल्या आणि तरी झाडत राहिल्या. शंभराच्या पुढं गेल्या तेव्हा एक उंदीर त्यांच्या पायाजवळून निघून सरळ पुढं पळाला, आणि समोरच्या वाळूतला एक तुकडा उठला आणि त्याच्यावर पडला.

मावशींचा खराटा हवेतच राहिला.

तिनं उंदीर तोंडात धरला आणि मान वर केली. मावशी तिच्या समोर, आठ पावलांवर. या दोघींच्या मधे काही म्हणजे काही नव्हतं. मांजर पळाली नाही. हळूच पोटावर चपटी झाली, कान आडवे केले आणि डोळे मिटून घेतले. डोळे मिटले की आपण कुणाला दिसत नाही, असा तिच्या जातीचा समज. मावशींना इतकं हसू आलं, आणि त्याच वेळी डोळे भरून आले, तर त्यांनी भराभरा पापण्या मिटल्या-उघडल्या. आता पाणी आडवं यायला नको होतं. कपाळावरच्या दोन फिकट रेघा, गालावरून गेलेली तांबूस रेघ, कानांच्या टोकाला काळं, सगळं त्यांनी एकेक करून बघून घेतलं. पुढच्या पंजाखालून केसांचा झुबका बाहेर आला होता. ते पाऊल! तीस वर्षं त्याचा नुसता खळगा बघितला होता.

"तुझ्या आईला सांग," मावशी अगदी हळू म्हणाल्या, "तिच्याकडे पाठ करून उभी होते, ते मला ठाऊक नव्हतं गं."

मांजरीनं एक डोळा किंचित उघडला, मिटला, मग उठून उंदरासकट जाळीत निघून गेली. मावशी तिथंच उभ्या राहिल्या. पुढची पट्टी झाडायची राहिली ती राहिलीच.

दिवस मावळून गेल्यावर त्या जीपशी आल्या. लेक आणि मौनीबाबा पुढं बघत ताठ बसले होते. "वळला होतात का रे?" त्यांनी विचारलं.

"छे गं," लेक म्हणाली. "काकांनी तर आरसासुद्धा उलटा फिरवून ठेवलाय. दिसली?"

मावशींनी मान डोलावली आणि लेकीच्या खांद्यावर डोकं टेकलं. मौनीबाबानं नाक शिंकरलं आणि गाडी सुरू केली.

सकाळी निघण्याआधी दोघी चहाचे पेले घेऊन पट्टीवर गेल्या. ऊन तिरपं होतं. पाणवठ्यापासून बुटाची पावलं निघाली होती, एकामागं एक, ठळक, शंभराच्या पुढं जाऊन थांबलेली. थांबल्या जागी वाळू जरा जास्त दबली होती. समोर एक उथळ खोलगट जागा आणि तिथून जाळीकडे गेलेले पुसट खळगे. लेकीनं वाकून बघितलं. "हे वाऱ्यानं झालंय ना?"

"खाली बस," मावशी म्हणाल्या. लेक उकिडवी बसली. मावशींनी तिचं बोट धरलं आणि खळग्याच्या कडेवरून हळूच फिरवलं. "वाऱ्याची कड एका बाजूला कलते. ही चहूबाजूंनी सारखी आहे. लक्षात ठेव. पुढं मला दिसेनासं झालं की तू सांगायचंस."

मागून मौनीबाबा आला. हातात खराटा होता. सवयीनंच आणला असणार. "गाडीची वेळ झाली," तो म्हणाला. मग पट्टीकडे बघत थांबला. "झाडून टाकू, मावशी? तुमची पावलं उमटलीत सगळी."

मावशींनी पाणवठ्यापासूनची ती रांग एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली. नजरेच्या गोलात एका वेळी दोनतीनच पावलं मावत होती, त्यामुळे जरा वेळ लागला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. पेल्यातला उरलेला चहा संपवला आणि पट्टीच्या मधूनच सरळ चालत जीपकडे गेल्या.